पिक्चरमधली ती ब्लूज गिटार कोणाची? क्रेडिटमध्ये नाव नसेल तर शोधायचं कसं

पिक्चरमध्ये मागे कुठेतरी एकच गिटार वाजते, शब्द नाहीत, ड्रम नाहीत, फक्त काचेची नळी तारेवरनं घसरल्यासारखा आवाज, आणि पिक्चर संपला तरी तो तुकडा डोक्यातनं जात नाही. मग शेवटची नावं बघितली तर त्यात हा तुकडाच नाही, अल्बम शोधला तर त्यातपण नाही. असं ज्यांचं झालंय आणि ज्यांनी ह्याआधी कधी असलं काही शोधलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. गिटार वाजवता यायची गरज नाही, कान उघडे पाहिजेत आणि थोडा पेशन्स.

कोणालाही विचारलं की तो सांगतो, शॅझम लाव, म्हणजे वाजणारं ऐकून नाव सांगणारं ते फोनवरचं अ‍ॅप. लावा की, लावायलाच पाहिजे. पण शॅझमला नाही सापडलं तर पुढे काय हे कोणी सांगत नाही, आणि सापडलं तरी ते उत्तर बऱ्याचदा अर्धंच असतं, हे तर त्याहून कमी लोक सांगतात. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, आणि त्याच्या बाबतीत प्रश्न कायम दोन असतात, हे वाजवलंय कोणी आणि मुळात आहे कोणाचं. हे दोन वेगळे ठेवले नाहीत की माणूस गोल गोल फिरत बसतो.

उदाहरण म्हणून विम वेंडर्सचा १९८४चा 'पॅरिस, टेक्सास' घ्या. सुरुवातीला वाळवंटात लाल टोपीवाला माणूस चालत येतो आणि मागे स्लाइड गिटार (तारेवर नळी घसरवून वाजवलेली) वाजते, ती राय कूडरची. शॅझम लावलं तर राय कूडर येईल, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पिक्चरचं जे मुख्य संगीत आहे त्याचं मूळ आहे ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. टेक्सासच्या ह्या आंधळ्या गायकाने ते ३ डिसेंबर १९२७ला डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. त्यात शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि स्लाइड. हीच रेकॉर्डिंग १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेली. म्हणजे राय कूडरपाशी थांबलात तर सत्तावन्न वर्षांआधीचा माणूस हातातनं निसटला. आणि उलटंपण होतं बरं का, लोक मूळ रेकॉर्ड ऐकतात आणि म्हणतात हे ते नाहीच, पिक्चरमधलं वेगळं होतं. वेगळंच आहे ते, कारण ते दुसऱ्याने वाजवलंय.

आधी लिहून काढा

पहिलं काम एकदम कंटाळवाणं आहे पण ते टाळू नका. तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तास-मिनिट-सेकंदात लिहा. सीनमध्ये काय चाललंय ते एका ओळीत. गिटार सीनमधल्या कोणाला ऐकू येतेय का, म्हणजे रेडिओवर, बारमध्ये, कोणी स्टेजवर वाजवतंय, का ती फक्त आपल्याला ऐकू येतेय, हे तर नक्की लिहा कारण पुढे ह्याच्यावर बरंच ठरतं. बारमधल्या ज्यूकबॉक्सवरचं गाणं बहुतेक वेळा विकत घेतलेली जुनी रेकॉर्ड असते, आणि वाळवंटात हवेतनं येणारी गिटार बहुतेक वेळा त्या पिक्चरसाठीच वाजवलेली असते. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही.

आणि तुम्ही पिक्चरचं कुठलं व्हर्जन बघितलं तेपण लिहा. थिएटरचं, टीव्हीवरचं, डीव्हीडीचं, ओटीटीचं. संगीताचे हक्क ठराविक मुदतीचे किंवा ठराविक माध्यमापुरते घेतलेले असतात, त्यामुळे नंतरच्या आवृत्तीत गाणंच बदललं असं होतं, जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकांमध्ये तर हे सर्रास झालंय. तुम्ही एक ऐकताय आणि ज्याला विचारताय तो दुसरंच ऐकतोय अशी गंमत नको.

एक सोपी युक्ती, कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स असतात ना, सीसी लिहिलेली, ती चालू करून तो सीन परत बघा. कधी नुसतं 'ब्लूज गिटार' असं येतं, पण कधी कधी चक्क गाण्याचं नाव लिहिलेलं असतं.

शेवटची नावं, पण नीट

ओटीटीवर पिक्चर संपला रे संपला की पडदा छोटा होतो आणि पुढचं काहीतरी सुरू व्हायला लागतं. क्रेडिट बघायचं बटण दाबा आणि शेवटपर्यंत बसा, पॉज करत करत. गाण्यांची यादी बऱ्याचदा अगदी तळाला असते, लोकेशनच्या आभारांच्या आसपास. प्रत्येक गाण्याखाली लिहिणारा कोण, सादर करणारा कोण, आणि कुठल्या कंपनीच्या सौजन्याने, अशा ओळी असतात. ह्यातली सौजन्याची ओळ सोन्यासारखी, कारण तिथे रेकॉर्ड कंपनीचं नाव असेल तर ती आधीच बाजारात असलेली रेकॉर्ड आहे. ती ओळ नसेल आणि फक्त लिहिणारा-वाजवणारा असेल तर बहुतेक पिक्चरसाठी नव्याने वाजवून घेतलंय.

पण तुमचा तुकडा त्या यादीत नाहीच असं धरून चालू, मग संगीत विभागाची बाकीची नावं उतरवून घ्या. संगीतकार, म्युझिक सुपरवायझर (गाणी निवडून त्यांचे हक्क घेणारा), म्युझिक एडिटर, स्कोअर म्हणजे पार्श्वसंगीत मिक्स करणारा, आणि कुठे 'गिटार' किंवा 'सोलो वादक' असं असेल तर ते. पुढे हीच नावं कामाला येतात.

एक सांगतो, 'संगीत अमुक' असं लिहिलंय म्हणून गिटार अमुकनेच वाजवली असं अजिबात नाही. डेनिस हॉपरचा १९९०चा 'द हॉट स्पॉट' बघा, संगीतकार म्हणून जॅक नित्शे, पण वाजवणाऱ्यांमध्ये कोण कोण आहे, तर माइल्स डेव्हिस ट्रम्पेटवर, जॉन ली हूकर गिटार आणि त्याचं ते हुंकार देणं, ताज महाल (हे गिटारवाल्याचं नाव आहे), आणि स्लाइडवर रॉय रॉजर्स. एका पिक्चरात तीन तीन गिटारवाले, आता तुम्हाला आवडलेला तुकडा ह्यातल्या कोणाचा हे 'जॅक नित्शे' ह्या नावावरनं कसं कळणार.

आणि पडद्यावर जो वाजवताना दिसतो त्याच्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. 'बॅक टू द फ्यूचर'मध्ये (१९८५) शाळेच्या डान्समध्ये मायकल जे. फॉक्स 'जॉनी बी. गुड' वाजवतो, जे अस्सल बारा बारचं (बाराच्या आवर्तनाचं, खाली सांगतो) ब्लूजच आहे, फक्त पळवलेलं. अल्बमवर सादर करणारा म्हणून छापलंय 'मार्टी मॅक्फ्लाय', म्हणजे पात्राचं नाव! गिटार प्रत्यक्षात टिम मेची आणि आवाज मार्क कॅम्पबेलचा. असली काल्पनिक नावं क्रेडिटमध्ये असतात हे नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही, तो बिचारा त्या नावाचा बँड शोधत बसतो.

आपल्याकडे ह्याचं नवल वाटायला नको खरं तर. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोवेकर वादक होते, त्यातले सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर आता आता लोकांना माहीत झाले, बाकी कित्येकांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत.

शॅझम काय करतं

शॅझम गाणं ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजाचा आलेख काढायचा, त्यातले सगळ्यात जोरदार ठिपके घ्यायचे, कुठला ठिपका कुठल्या ठिपक्यानंतर किती वेळाने येतो त्याची जुळणी स्वतःच्या साठ्याशी करायची, असा तो हिशेब. त्यामुळे तीच चाल दुसऱ्याने वाजवली की शॅझमच्या दृष्टीने ती वेगळीच वस्तू. आणि रेकॉर्डिंग त्यांच्या साठ्यात नसेलच तर तुम्ही शंभरदा फोन टीव्हीजवळ धरा, काही होणार नाही. पिक्चरसाठी वाजवलेला आणि कधी रिलीजच न झालेला तुकडा त्यात असणार तरी कसा.

गूगलमध्ये २०२०पासून गुणगुणून शोधता येतं, साउंडहाउंडमध्येही. ही अ‍ॅप चालीवर जातात म्हणून गाण्यासाठी मस्त, पण ब्लूज गिटारच्या तुकड्यासाठी मला तरी फारसा उपयोग वाटत नाही. ब्लूजमध्ये चाल म्हणजे ठराविक जागांवर फिरणं असतं, तेच स्वर हजार लोकांनी वाजवलेत, आणि मींड तुम्ही गुणगुणून किती दाखवणार. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, पण जे उत्तर येईल ते ऐकून तपासल्याशिवाय खरं धरू नका.

शॅझमच्या उत्तरातही एक भानगड आहे. कधीकधी कुणी हिपहॉपवाल्याने तो गिटारचा तुकडा उचलून त्याच्यावर बीट टाकलेला असतो आणि शॅझम त्याचं नाव दाखवतं. हरकत नाही, उलट बरंच झालं, आता तो सँपल, म्हणजे उचललेला तुकडा, कुठून घेतला हे हूसँपल्ड ह्या साइटवर बघायचं, धागा तिथनं मागे जातो.

आवाज साफ करून परत लावा

संवाद, पाऊस, गाडीचं इंजिन, ह्या सगळ्याच्या खाली गिटार असेल तर आधी ती मोकळी करा. तुमच्याकडे स्वतःची डिस्क असेल आणि तिच्यात ५.१, म्हणजे सहा चॅनलचा साउंड असेल तर अर्धं काम झालंच, कारण संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलवर असतात आणि संगीत डावी-उजवीकडे पसरलेलं असतं. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एफएफएमपेगची जोड टाकली की व्हिडिओ फाइलमधला आवाज सहा पट्ट्यांत उघडतो, त्यातली संवादाची पट्टी, बहुतेक वेळा तिसरी, म्यूट करायची. कधी कधी इतकी स्वच्छ गिटार राहते की आधी ऐकूच न आलेली दुसरी गिटार मागे सापडते.

फक्त स्टिरिओ असेल तर डेमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर वापरा, दोन्ही फुकट. ही संवाद वेगळे काढतात, पण गिटारचा आवाज थोडा पाण्याखालनं आल्यासारखा होतो, तेवढं सोडून द्यायचं. आणि बोलणं नसलेले पंधरा-वीस सेकंद कुठे मिळाले तर एवढ्या उचापतीची गरजच नाही, तेवढाच भाग कापा.

आता जे फार कमी लोकांना माहीत असतं ते. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमवर. युरोपच्या आणि आपल्याकडच्या पाल ह्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी चालतात २५वर, आणि बऱ्याच जणांनी सरळ पिक्चर थोडा पळवून ते बसवलंय. म्हणजे सगळं साधारण ४ टक्के जलद, आणि स्वर जवळजवळ पाऊण सेमीटोन वर. कानाला कळत नाही, पण शॅझमचं गणित बिघडू शकतं, आणि गिटार घेऊन बरोबर वाजवायला गेलात तर ती ना ई मध्ये बसते ना एफ मध्ये, मधेच कुठेतरी लटकते. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये (जुन्या आवृत्तीत नुसतं 'चेंज स्पीड') उणे ४ टाका, बरोबर मूळ वेगावर येतं, आणि मग परत शॅझम लावा. जुन्या डीव्हीडीवरनं शोधत असाल तर हे पहिल्यांदा करा, बाकी सगळं नंतर.

हा तुकडा चारातला कुठला?

इथे खरी मेख आहे. अ‍ॅपने हात टेकले की लोक गूगलवर 'स्लो ब्लूज गिटार मूव्ही सीन' असलं काहीतरी टाकत बसतात. त्याऐवजी आधी ठरवा की वस्तू कुठल्या प्रकारची आहे, कारण प्रत्येकीची वाट वेगळी. एक म्हणजे जुनी रेकॉर्ड हक्क घेऊन वापरलेली. दुसरं, जुनं गाणं पिक्चरसाठी कोणीतरी नव्याने वाजवलेलं. तिसरं, पिक्चरसाठीच केलेलं नवीन संगीत. आणि चौथं, लायब्ररी म्युझिक, ह्याच्याबद्दल खाली सविस्तर.

जुनी रेकॉर्ड ऐकू येतेच. १९२०-३०च्या रेकॉर्डला खर्ज जवळपास नसतो, सतत एक खरखर, आवाज सगळा मध्यात, डावं-उजवं काही नाही. टेरी झ्विगॉफच्या 'घोस्ट वर्ल्ड'मध्ये (२००१) ती मुलगी खोलीत रेकॉर्ड लावते आणि परत परत ऐकते, ते स्किप जेम्सचं 'डेव्हिल गॉट माय वुमन', १९३१मध्ये विस्कॉन्सिनच्या ग्राफ्टनमध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी केलेलं. आता हेच बघा, त्याच स्किप जेम्सचं दुसरं एक गाणं, 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज', कोएन बंधूंच्या २०००च्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'मध्ये शेकोटीपाशी वाजतं, पण तिथे ते ख्रिस टॉमस किंगने वाजवलंय आणि गायलंय. आवाज स्वच्छ, लाकडाचा गुंजारव ऐकू येतो, बोटाची नखं ऐकू येतात. हा दुसरा प्रकार. गाणं तिसाच्या दशकातलं, रेकॉर्डिंग आजचं. ह्यात खरखर नसते, आणि दिग्दर्शकाने हौसेने खरखर वरनं टाकली असेल तर ती फार एकसारखी वाटते, खऱ्या जुन्या तबकडीत ती फेऱ्याफेऱ्याने येते, टक… टक… टक.

पिक्चरसाठी केलेलं संगीत कसं ओळखायचं, तर ते सीनबरोबर हलतं. माणूस दार उघडतो आणि नेमका तिथेच स्वर लांबवलेला असतो, कोणी बोलायला लागलं की गिटार थांबते. जुनी रेकॉर्ड सीनसाठी थांबत नाही, ती आपल्या चालीने जाते आणि मध्येच कापली जाते. हे दोन-तीनदा ऐकलं की लगेच कळतं.

कानाने किती सांगता येतं

गिटार न वाजवणाऱ्यालाही चार गोष्टी नक्की टिपता येतात आणि त्या लिहून ठेवल्या की जाणकार माणूस तुम्हाला सरळ वाटेवर लावतो.

पहिली, तार दाबून वाजवतोय का घसरवून. बॉटलनेक, म्हणजे बाटलीची मान किंवा धातूची नळी बोटात घालून तारेवर फिरवायची, त्याला स्लाइड म्हणतात. आपल्या लोकांच्या कानाला हे पटकन कळतं कारण मींड आपल्या ओळखीची. राय कूडर आणि विश्वमोहन भट्ट ह्यांनी १९९३मध्ये 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केला त्यात दोन्ही शेजारी शेजारी ऐकता येतं, कान तयार करायला ह्याच्याइतकी चांगली जागा नाही.

दुसरी, आवर्तन आहे का. तबल्याला टाळी-खाली धरून मात्रा मोजता तसं चार-चार मोजा, चार मात्रांचा एक बार. नेहमीचं ब्लूज बारा बारचं, चार बार घरात, म्हणजे मूळ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर), दोन बार चौथ्या स्वराच्या कॉर्डवर, दोन परत घरात, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर, आणि दोन घरात ज्यात शेवटी एक छोटी वळणाची ओळ येते, तिला टर्नअराउंड म्हणतात. हे बसलं तर शिकागो किंवा त्याच्या आसपासचं असण्याची शक्यता जास्त. कॉर्ड बदलतच नाही, एकच घरघर चालू राहते आणि तुम्हाला बसल्या जागी डोलायला होतं, तर मिसिसिपीच्या हिल कंट्रीकडे बघा, फ्रेड मॅकडॉवेल, आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किंब्रो. अंगठा खाली खर्जाच्या तारांवर डावी-उजवी टाकत चालतोय आणि वर बोटं वेगळंच काहीतरी उड्या मारतायत, जवळजवळ पियानोसारखं, ती पिडमाँट शैली, म्हणजे ब्लाइंड ब्लेक किंवा रेव्हरंड गॅरी डेव्हिसची वाट.

तिसरी, गिटारचं अंग कुठलं. लाकडी, इलेक्ट्रिक, का धातूची रेझोनेटर. रेझोनेटरचा आवाज जरा डब्यातनं आल्यासारखा, तीक्ष्ण आणि पटकन विरणारा. नॅशनल कंपनीच्या रेझोनेटर गिटारी १९२७पासूनच्या, तेव्हा त्याआधीचं काही ह्यावर वाजवलेलं असू शकत नाही.

चौथी, ट्यूनिंग. हे गिटारवाल्या मित्राकडून करून घ्या. तो सांगेल साधी का ओपन (तारा न दाबताच कॉर्ड वाजेल अशी), आणि ओपन असेल तर डी का जी. ओपन जीला जुने लोक स्पॅनिश म्हणायचे आणि ओपन डीला व्हेस्टापोल, ह्या नावांनी शोधलं तर वेगळेच लेख सापडतात. स्किप जेम्सचं मायनरमधलं ट्यूनिंग तर इतकं वेगळं की तेवढ्यावरनं लोक त्याचं नाव घेतात.

ब्लाइंड विली जॉन्सनबद्दल एक राहिलं, तो स्वतः धार्मिक गाणी गायचा, १९२७ ते १९३०मध्ये कोलंबियासाठी ३० गाणी, सगळी देवाची. गिटार ब्लूजची पण माणूस गॉस्पेलच्या खात्यात. तेव्हा ब्लूजच्या यादीत मिळालं नाही तर गॉस्पेलच्या यादीतही डोकवा.

जुन्या रेकॉर्डची शंका असेल तर सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ऐतिहासिक रेकॉर्डिंगची डिस्कोग्राफी ऑनलाइन फुकट आहे, कोण, कधी, कुठे, कुठल्या नंबरची तबकडी, सगळं. कोणाचं गाणं कोणी कोणी वाजवलं हे बघायला सेकंडहँडसाँग्ज ही साइट, आणि अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली वादकांची नावं बघायला डिस्कॉग्ज ही. डिस्कॉग्जवर नुसती यादी वाचू नका, फोटो उघडा, यादी भरणाऱ्याने वादकांची नावं टाकायचा कंटाळा केलेला असतो पण फोटोत कव्हरवर ती बारीक अक्षरात असतात.

अल्बममध्ये नाही म्हणजे कुठेच नाही असंही नाही. वॉल्टर हिलच्या 'क्रॉसरोड्स'मध्ये (१९८६) शेवटी गिटारची जी जुगलबंदी आहे ती पिक्चरबरोबर आलेल्या अल्बममध्ये नव्हतीच. स्टीव्ह वायने ती नंतर २००२मध्ये स्वतःच्या 'द इल्युसिव्ह लाइट अँड साउंड'मध्ये काढली. पडद्यावर राल्फ मॅकियो वाजवतो, हात त्याचे पण स्लाइड राय कूडरची आणि ते शेवटचं वेड्यासारखं पळणारं, पॅगानिनीवरनं घेतलेलं, ते वायचं. म्हणजे हिरो आणि व्हिलन दोघांच्या शेवटच्या फेऱ्या एकाच माणसाने वाजवल्यात. तेव्हा पिक्चरचा अल्बम बघून झाला की ज्याच्यावर संशय आहे त्या वादकाचे नंतरचे अल्बम, संकलनं, पुन्हा काढलेल्या आवृत्त्या हेही चाळा.

लायब्ररी म्युझिक आणि क्यू शीट

आता चौथा प्रकार, आणि नाव नसलेल्या तुकड्यांमध्ये हा भरपूर सापडतो. काही कंपन्या तयार संगीत करून ठेवतात, 'आळशी दुपार, स्लाइड गिटार' अशा वर्णनाने, आणि पिक्चरवाले तिथनं मिनिटाच्या हिशेबाने घेतात. डी वुल्फ १९०९पासून आहे, केपीएम आहे, अमेरिकेत एपीएम आहे. अशा संगीताचं नाव क्रेडिटमध्ये द्यायलाच पाहिजे असं काही नसतं म्हणून ते गायब. पेट्रोल पंपावरच्या रेडिओतनं तीस सेकंद ब्लूज वाजतंय, नाव नाही, शॅझम गप्प, तर पहिला संशय हाच घ्या.

पण पैसे वाटायचे असतात ना, म्हणून नाव कुठेतरी असतंच. पिक्चरमधल्या प्रत्येक तुकड्याची एक यादी बनते, तिला क्यू शीट म्हणतात. तुकड्याचं नाव, लिहिणारा, प्रकाशक, किती सेकंद, आणि पडद्यावर दिसतंय का मागे वाजतंय, सगळं तिच्यात असतं. ही यादी जाते रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थांकडे, अमेरिकेत अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय, ब्रिटनमध्ये पीआरएस, आपल्याकडे आयपीआरएस. पूर्ण क्यू शीट सहसा बाहेरच्याला दाखवत नाहीत, पण अ‍ॅस्कॅप आणि बीएमआयच्या साइटवर रचना शोधता येतात, २०२०पासून साँगव्ह्यू नावाने दोघांची माहिती एकत्र दिसते. तिथे पिक्चरचं नाव टाकून बघा, नावापुढे 'क्यूज' लावलेल्या नोंदीही मिळतात. त्यातनं संगीतकार आणि प्रकाशक कळतो, आणि प्रकाशक लायब्ररीचं नाव निघालं की कोडं जवळजवळ सुटलं. मग त्या लायब्ररीच्या साइटवर जायचं, ब्लूज, सोलो गिटार, स्लाइड असे फिल्टर लावायचे आणि ऐकत बसायचं, ऐकायला सहसा पैसे लागत नाहीत. एकाच तुकड्याचे साठ सेकंदाचा, तीस सेकंदाचा, ड्रमशिवायचा असे अवतार असतात, पिक्चरमध्ये कुठलाही असू शकतो.

एक लक्षात ठेवा, क्यू शीटवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, वाजवणाऱ्याचं नसतं. परत तेच दोन प्रश्न.

विचारायचं कसं

इथपर्यंत येऊन अडलात तर मग म्युझिक एडिटर किंवा सुपरवायझरला मेल टाका, संगीतकाराची वेबसाइट असेल तर तिथे. मोठ्या माणसाला पहिल्यांदा नको, एडिटरला कुठला तुकडा कुठे बसवला हे हाताने केलेलं असल्यामुळे आठवतं, आणि त्यांना सहसा कोणी काही विचारत नाही त्यामुळे ते खूश होऊन उत्तर देतात. मेल छोटा, पिक्चरचं नाव, व्हर्जन, वेळ, सीन काय, आणि तुम्ही काय काय बघून झालंय ते एका ओळीत. 'सर ते ब्लूजवालं म्युझिक कुठलं होतं' असं लिहिलं तर तुम्हीच सांगा तो काय उत्तर देणार.

सापडलं म्हणजे खरंच तेच का?

नाव मिळालं की लगेच नाचू नका. ऑडॅसिटीत वरच्या पट्टीवर पिक्चरमधला तुकडा, खालच्या पट्टीवर सापडलेली रेकॉर्ड, एक डाव्या कानात एक उजव्या कानात ठेवून ऐका. स्वर जुळतात का हे बघू नका, स्वर तर कोणीही जुळवेल. चुका जुळतात का ते बघा. नळी फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीला) लागून टक्क झालं ती जागा, तारेवर बोट सरकताना चिर्र झालं ते, एखादा स्वर नीट लागलाच नाही, वादकाने मध्येच श्वास घेतला, खुर्ची करकरली. एकच माणूस तेच गाणं दुसऱ्यांदा वाजवेल तेव्हा ह्या गोष्टी त्याच जागी कधीच येत नाहीत, त्यामुळे त्या जुळल्या की रेकॉर्डिंग तेच. स्वर जुळले आणि चुका नाही जुळल्या तर गाणं तेच पण टेक (एका वेळी वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) किंवा वादक वेगळा. रॉबर्ट जॉन्सनची २९ गाणी आहेत पण टेक ४२ वाचलेत, तेव्हा 'गाणं सापडलं' आणि 'तो टेक सापडला' ह्यात फरक पडतो.

पिक्चरमध्ये तुकडा कापून जोडलेला पण असतो, मधले आठ बार उडवलेले, नाहीतर शेवट उचलून पुढे आणलेला. तेव्हा सुरुवातीला जुळलं आणि मग सुटलं तर घाबरू नका, खालची पट्टी पुढे सरकवून परत जुळतंय का बघा.

आणि सगळं पक्कं झालं की आयएमडीबीवर त्या पिक्चरच्या साउंडट्रॅकच्या पानावर नोंद टाका, क्रेडिटमध्ये नाव नव्हतं अशी खूण करायची सोय तिथे आहे. म्युझिकब्रेन्झ ह्या साइटवरपण रचना आणि रेकॉर्डिंग वेगवेगळं नोंदवता येतं, म्हणजे कोणाचं आणि कोणी वाजवलं हे दोन्ही नीट बसतं. नोंदीत वेळ टाकायला विसरू नका, आणि कळलं कशावरनं तेही लिहा, क्यू शीटवरनं, एडिटरच्या मेलवरनं, का दोन पट्ट्या जुळवून. नुसतं कानावरनं वाटतंय एवढंच हातात असेल तर ती नोंद टाकू नका, एकदा चुकीचं नाव चढलं की दहा ठिकाणी कॉपी होतं आणि मग ते काढता काढता नाकी नऊ येतात.